मोजणीच्या दिवशीची सुट्टी

वर्धा जिल्ह्यातल्या एका बाजारगावात माझं किराण्याचं ठोक दुकान आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं की लोक लगेच गल्ली ओळखतील आणि मग व्यापारी संघाच्या ग्रुपवर माझा उद्धार सुरू होईल. तसा तो आत्ताही होतोच.

ठोक दुकान म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं मोठी पेढी येते. तसं काही नाही, बाप्पा. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंनी दुकानं, आणि त्यातलं एक माझं. मी दारात पावशेर साखर तोलत बसत नाही, खेड्यातल्या दुकानदारांना पोती आणि खोके देतो, इतकाच फरक. आंजीचा दुकानदार सकाळी फोन करतो आणि दुपारी त्याचा माल आंजीत असतो. हे कसं घडतं याचा मी बावीस वर्षं विचारच केला नाही, कारण घडवणारा माणूस रोज गल्लीच्या तोंडाशी उभा असायचा.

तो म्हणजे आमचा ठेलेवाला. पुढं सायकल आणि मागं फळ्या, असा पायडल मारायचा तीनचाकी ठेला. ट्रान्सपोर्टच्या गोदामातून माझा माल गल्लीत आणायचा, आणि गल्लीतून गावोगावचे खोके एसटी स्टँडवर नाहीतर काळीपिवळी जीपच्या अड्ड्यावर पोचवायचे. वाचता फारसं येत नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःची रीत काढली होती. आंजीच्या खोक्याला लाल सुतळी, केळझरच्याला पिवळी, आणि एसटीच्या टपावरून तळेगावला जाणाऱ्याला दोन गाठी जास्त. काळीपिवळीचे ड्रायव्हरही आता सुतळी पाहूनच खोका उचलतात, वरची चिठ्ठी कोणी वाचत नाही. बावीस वर्षांत एक खोका चुकला, आणि तो माझ्या हातून चुकला.

गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली त्याची उभं राहायची जागा होती. ठेलेवाल्याचा धंदा म्हणजे त्याची जागाच. ठेला कोणीही घेईल, पण कोणाला माल पाठवायचा असला तर त्याचं पाऊल आपोआप जिकडं वळतं, ती जागा बनायला अर्धं आयुष्य जातं. त्याची ती जागा गेली. आता तो बायपासवरच्या एका गोदामात पोती उचलतो. आयुष्यभर चाकांवर ओझं वाहिलेला माणूस साठीला आल्यावर पाठीवर वाहतो आहे. हे माझ्यामुळं झालं. पूर्ण माझ्यामुळं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगून पाहिलं, पण ते काही गळी उतरत नाही.

सुरुवात एका सभेनं झाली. गावातली मालवाहतूक कशी असावी याची एक योजना येणार होती, तिचं नाव इतकं लांबलचक की आमच्या अध्यक्षांना ते सलग वाचता आलं नाही. अध्यक्ष म्हणजे व्यापारी संघाचे, तेलाचे ठोक विक्रेते, माझ्या दुकानासमोरच बसतात. सभेला मी गेलो होतो. नागपूरहून आलेली एक इंजिनिअर बाई पडद्यावर चित्रं दाखवत होती. ट्रक बायपासला थांबवायचे, तिथून छोट्या गाड्यांनी माल बाजारात आणायचा, धूर कमी, कोंडी कमी. कोणती गल्ली किती माल ओढते ते मोजून मग ठरवायचं. मला खरं सांगायचं तर पंख्याखाली डोळा लागला. चहा आला तेव्हा जाग आली, चहा घेतला आणि दुकानाची आठवण काढून निघालो. आमच्यातले निम्मे तसेच निघाले. जे बसून राहिले ते समोसे यायचे होते म्हणून.

ती बाई शेवटी काय म्हणाली ते मला पुढं कळलं. ती म्हणाली होती की मोजणीच्या दिवशी जो जो ठेलेवाला ज्या गल्लीत काम करताना सापडेल त्याचं नाव लिहून घेणार, त्याला बिल्ला मिळणार, उभं राहायला आखलेली जागा मिळणार, आणि पुढं बॅटरीचे ठेले आले की पहिला हक्क त्याचा. ज्याचं नाव नाही त्याला बाजारात ठेला उभा करता येणार नाही. हे सगळं ती चहानंतर बोलली. म्हणजे एका कप चहाच्या घाईपायी मी अर्धी गोष्ट ऐकून आलो.

आणि अर्धी गोष्ट ऐकलेल्या माणसासारखा शहाणा माणूस दुसरा नसतो. ग्रुपवर मेसेज आला की अमुक दिवशी मोजणी आहे. बस, आमची डोकी चालू झाली. आमच्या गल्लीनं या आधी एकदा मोजणी पाहिली होती. टेप घेऊन दोन माणसं आली, गोड बोलली, पाणी प्यायली, आणि महिन्याभरात जेसीबीनं दुकानांच्या पायऱ्या आणि पत्रे काढून नेले. माझी पायरी त्यातच गेली. तेव्हापासून मोजणी शब्द ऐकला की आम्ही आधी बाहेरचा माल आत ओढतो. अध्यक्षांनी लिहिलं, त्या दिवशी गल्ली साफ दिसली पाहिजे, बाहेर एक पोतं दिसता कामा नाही. खाली सगळ्यांनी अंगठे दिले. ठेलेही नको, असं त्याच्याखाली मी लिहिलं. ते मी लिहिलं, दुसऱ्या कोणी नाही.

आदल्या संध्याकाळी ठेलेवाल्याला बोलावलं. खरं कारण सांगायला जीभ रेटेना. तुझा ठेला दिसला तर आम्हाला दंड होईल, असं कसं तोंडावर म्हणायचं? म्हणून म्हटलं, उद्या माल येणार नाही, आराम कर, घरच्यांना कुठं फिरवून आण. त्यानं दोनदा विचारलं, खरंच माल नाही का. मी म्हटलं नाही. तो इतका खूश झाला की मला थोडी शरम वाटली, पण ती काही टिकली नाही.

मोजणीच्या दिवशी आमची गल्ली म्हणजे लग्नघराचं अंगण झाली होती. सकाळीच झाडून झालं, पाणी मारलं, भांड्यांच्या एका उत्साही दुकानदारानं दारात रांगोळीसुद्धा काढून घेतली. दोन मुली पाट्या आणि कागद घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्च्यांवर बसल्या. त्यांना मोजायला काय मिळालं? थोड्या मोटरसायकली, ऑनलाइनची पार्सलं वाटणारा एक पोरगा, आणि दुपारी सावलीला येऊन बसलेला एक सांड. आम्ही त्यांना दोनदा चहा पाजला, वर कुल्फी दिली. संध्याकाळी त्या गेल्यावर अध्यक्षांनी मला टाळी दिली. आम्ही असे हसलो की जणू इलेक्शन जिंकलो.

दुसऱ्या दिवशी ठेलेवाला आला तो हातात प्रसादाची पुडी घेऊन. बायकोला घेऊन केळझरच्या गणपतीला गेलता. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं असे कुठं गेले, असं म्हणाला. तुमच्यासाठीही हात जोडले, भाऊ, म्हणाला. मी पेढा तोंडात टाकला आणि त्याला तेलाचे डबे उतरवायला लावले.

इथपर्यंत झालं ते मूर्खपणानं झालं, असं म्हणून सोडता आलं असतं. पण आम्ही थांबलो नाही. आठवड्याभरानं बातमी आली की ज्या गल्ल्यांत दिवसा माल चढतो-उतरतो तिथं मोठ्या गाड्यांना वेळेचं बंधन येणार. अध्यक्ष म्हणाले, आपल्या गल्लीला त्यातून सुटका हवी असेल तर आत्ताच लिहून देऊ. अर्ज माझ्याच काउंटरवर लिहिला गेला. आमच्या गल्लीत दिवसा मालाची चढउतार होत नाही, ठेले उभे राहत नाहीत, तरी गल्लीला बंधनातून वगळावे. माझं अक्षर चांगलं म्हणून मीच लिहिला, आणि सुरुवात तुम्हीच करा म्हणून पहिली सही माझी. मी सही करत असताना ठेलेवाला बाहेर माझाच माल उतरवत होता. काचेतून त्याचा ठेला दिसत होता. इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. व्यापारी माणसाला असला कागद म्हणजे कागदच वाटतो, खोटं वाटत नाही. आमची खोड आहे ती.

मग योजना आली. आमच्या गल्लीपुढं लिहिलं होतं, मालवाहतूक नगण्य. ज्या गल्लीत माल नाहीच तिला माल उतरवायची जागा कशाला? दोन्ही बाजूंनी रंगाचे पट्टे मारले गेले, दिवसभर कोणतंही मालाचं वाहन थांबायचं नाही. शेजारच्या कापड लाइनीला मोठी आखीव जागा मिळाली, कारण त्या लोकांनी मोजणीच्या दिवशी नेहमीसारखे ठेले लावले होते. त्यांना आम्ही त्या दिवशी बावळट म्हणून हसलो होतो. त्यांच्याकडच्या ठेलेवाल्यांना बिल्ले मिळाले. आमच्याकडून यादीत एकही नाव नव्हतं. ज्या वाहनाला ना डिझेल लागतं ना चार्जिंग, ज्याचा धूर नाही आणि आवाज म्हणजे काय तो चेनीचा, तेच वाहन धूर कमी करायच्या योजनेतून बाहेर पडलं. याच्यावर हसावं की डोकं आपटावं?

ठेलेवाला यादी पाहून आला, म्हणजे कोणाकडून तरी वाचून घेऊन आला. रागावला नव्हता, गोंधळला होता. रोज इथं असतो आणि नेमकं त्याच दिवशी नव्हतो, आपलंच नशीब फुटकं, असं स्वतःलाच लावून घेत होता. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मी त्याला म्हटलं, हरकत घ्यायला आठ दिवस दिले आहेत, मी तुझ्याबरोबर येतो. वर आणखी उपकार केल्यासारखा चेहरा केला.

हरकतीसाठी दुकानदाराचं पत्र लागत होतं, की हा माणूस इथंच काम करतो. ते मी मनापासून लिहिलं. बावीस वर्षांपासून रोज, सकाळ-संध्याकाळ, याच गल्लीत. बुधवारी आम्ही दोघं त्या योजनेच्या ऑफिसात गेलो. तो अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला होता, आधार कार्डाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेली. ऑफिसातले बाबू चष्मा लावून माझं पत्र वाचू लागले. वाचून झाल्यावर उठले, कपाटातून एक फाइल काढली, तिच्यातला आमचा जुना अर्ज शोधून माझ्या पत्राशेजारी ठेवला.

"दोन्हीवर सही तुमचीच आहे," ते म्हणाले. "एकात लिहिलं, ठेले उभे राहत नाहीत. एकात लिहिलं, बावीस वर्षांपासून उभा राहतो. मी खरं कोणतं धरू?"

बाबू माणूस वाईट नव्हता. म्हणाले, पहिला अर्ज चुकीचा होता एवढं एका ओळीत लिहून द्या, सही करा, याचं नाव मी आजच घेतो, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत यादी उघडी आहे. पेनसुद्धा पुढं केलं. आणि मी ते पेन हातात घेतलं नाही. म्हटलं, अर्ज संघाचा होता, संघाला विचारावं लागेल, मी दोन दिवसांत देतो.

ठेलेवाला शेजारीच उभा होता. पहिल्या अर्जाबद्दल त्याला तोपर्यंत काहीच माहीत नव्हतं. बाहेर आल्यावर तो सरळ ठेल्याकडं गेला. ठेल्याचं कुलूप काढताना फक्त एवढं विचारलं, "भाऊ, त्या दिवशी माल आला नव्हता, का मले पाठवलं होतं?" मी खरं सांगितलं. तेवढं तरी सांगितलं. तो बरं म्हणाला आणि पायडल मारत निघून गेला.

अध्यक्षांना विचारलं तर ते माझ्यावरच उखडले. म्हणाले, असं लिहून दिलं म्हणजे सगळी गल्ली खोटारडी ठरेल, उद्या परत टेपवाले येतील, या वेळी तुझं शटरच आत ढकलतील. एका ठेल्यासाठी तीस दुकानं खड्ड्यात घालतो का? त्यांच्या बोलण्यात दम होता असं मला वाटलं. म्हणजे वाटून घेतलं. गुरुवार असाच गेला. शुक्रवारी सकाळी माझ्या पोह्यांच्या पोत्यांची गाडी आली, पट्ट्यामुळं गल्लीत थांबता येईना, ड्रायव्हर भांडत होता, पोलीस शिट्ट्या मारत होता, मी त्या भानगडीत अडकलो. ठेलेवाल्यानं दूरच्या चौकातून एकेक फेरी करून पोती आणली, प्रत्येक फेरीला शिट्टी ऐकत. तो त्या कागदाबद्दल एक शब्द बोलला नाही. मीही बोललो नाही. मला वाटलं, विचारत नाही म्हणजे समजून घेतलं असेल. किती सोयीचं वाटतं माणसाला.

रविवारी जेवताना हे सगळं बायकोला सांगितलं. ती भाजी वाढता वाढता थांबली. "ते तीस दुकानवाले तुमच्यासाठी एक दिवस तरी पोतं वाहतील का?" म्हणाली. मी म्हटलं, तुले धंद्यातलं कळत नाही. ती म्हणाली, नाई कळत, आणि ताट तसंच ठेवून उठून गेली. मी एकटाच जेवलो. जेवण कसलं, कोंबलं.

सोमवारी सकाळी दुकान न उघडता मी एक ओळ नाही, पानभर लिहिलं. मोजणीच्या दिवशी ठेले आम्हीच हटवले, अर्ज खोटा होता, तो मी माझ्या हातानं लिहिला. ऑफिस उघडायच्या आधीच दारात जाऊन उभा राहिलो. बाबूंनी पूर्ण वाचलं. चष्मा काढला. यादी शुक्रवारीच बंद होऊन नागपूरला गेली, म्हणाले. आता पुढची मोजणी होईल तेव्हा. केव्हा होईल ते त्यांनाही माहीत नव्हतं. कागद मात्र त्यांनी फाइलला लावून घेतला, पोच म्हणून शिक्काही मारून दिला. काय करायचं होतं मला त्या शिक्क्याचं?

तो शिक्क्याचा कागद खिशात घालून परत आलो तर गल्लीच्या तोंडाशी ठेलेवाला साबणाचे खोके बांधत बसला होता. पट्ट्यांवरचा रंग अजून नवा होता, म्हणून ठेला त्यानं पलीकडं, नालीच्या काठावर तिरपा लावला होता. मी त्याच्यापुढं उभा राहून सगळं सांगितलं. कागद आज दिला, यादी शुक्रवारी गेली, उशीर झाला. माफ कर म्हणालो. त्या गल्लीत, भर बाजाराच्या वेळी, सगळ्यांच्या देखत म्हणालो, आणि त्याचाही काही उपयोग नव्हता.

त्यानं हातातली गाठ पूर्ण बांधली. उठून दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"शुक्रवारी मी इथंच होतो ना, शेटजी," तो म्हणाला. बावीस वर्षांत मला तो भाऊ सोडून दुसरं काही म्हणाला नव्हता. "सकाळपासून तुमचेच पोते वाहून राह्यलतो. एक हाक मारली असती, तं ठेल्यावर बसवून नेलं असतं तुमाले तिथवरी."

ते ऑफिस आमच्या गल्लीपासून ठेल्यानं सात मिनिटांच्या वाटेवर आहे.